डावा रुसलाय

आमच्या कॉलनीत एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. दरवर्षी ते दिवाळी अंक काढतात. या वर्षी दारात येऊन म्हणाले, "कानवाले काका, तुमच्या धंद्यातल्या आठवणी लिहा. गाडीत नुसतं बसून स्पीकरचा बिघाड सांगायचे म्हणे तुम्ही."

मी म्हटलं, "साहेब, माझं शिक्षण चौथी. हाताला पक्कडीची सवय आहे, पेनाची नाही."

"बोलता तसं लिहा. वेलांट्या मी बघतो."

तर लिहितो. पण मी त्यांना एक अट घातली आहे. वेलांट्या बदला, काना-मात्रा बदला, एक वाक्य मात्र काढायचं नाही. ते वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर माझी जीभ आत जायला नको. तो कान माझा नव्हता. माझ्या बायकोचा, विमलचा होता. सगळा जन्म मी तो माझा म्हणून मिरवला. गेल्या श्रावणात ती गेली. तिला तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून छापून सांगतोय.

आता धंदा काय ते सांगतो, कारण हल्ली गाड्या कारखान्यातूनच गात बाहेर पडतात. आमच्या वेळी गाडी मुकी यायची. अँबॅसिडर घ्या, फियाट घ्या, जीप घ्या, फार तर एक कुरकुरा रेडिओ. सत्तर सालानंतर कॅसेटचे टेप आले आणि ज्याच्याकडे गाडी त्याला गाणं पाहिजे झालं. नाशकात द्वारका चौकाच्या पुढं, आग्रा रोडला, गॅरेजांच्या ओळीत माझं पत्र्याचं दुकान होतं. मागं एक खोली, तिथं आमचा संसार. त्याआधी मी मंडपवाल्याकडे भोंगे बांधायचो. लग्न, सभा, जत्रा. भोंग्याच्या तोंडाशी कान लावून "हॅलो हॅलो" ऐकण्यात माझी सात-आठ वर्षं गेली, आणि त्याच वर्षांनी माझे कान खाल्ले. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आवाजाचा कारागीर अर्धा बहिरा आहे हे कोण सांगेल?

काम ऐकायला सोपं आहे. ॲम्प्लिफायर सीटखाली नाहीतर डिकीत बसवायचा. त्याला करंट थेट बॅटरीवरून आणायचा, मध्ये फ्यूज टाकून. गाडीच्या जुन्या वायरीला कुठंतरी जोडून मोकळं झालात, तर गाडी पळायला लागली की गाण्याबरोबर डायनमो शिट्टी घालतो. मग ॲम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन दोन वायरी न्यायच्या, दाराच्या आतून, पायपुसण्याच्या खालून. वायर कुठं सोलली जाऊन पत्र्याला लागली की ॲम्प्लिफायर धूर काढतो. दाराला गोल भोक पाडायचं. त्या वेळी मालक हमखास तोंड फिरवायचा. एक डॉक्टर होते, ते मला म्हणाले, "मी रोज माणसं कापतो हो, पण हे मला बघवत नाही," आणि समोर रसवंतीवर जाऊन बसले.

पण खरी मेख त्या दोन वायरींत आहे. स्पीकरला एक प्लस, एक मायनस. प्लसच्या बाजूला लाल ठिपका असतो. एक स्पीकर सुलटा जोडला आणि दुसरा उलटा, तर काही जळत नाही, बंद पडत नाही, दोन्ही वाजतात. म्हणूनच ती चूक सापडत नाही. स्पीकरमध्ये कागदाचा पडदा असतो, तो हवेला पुढं ढकलतो, मागं ओढतो. दोघांनी एकाच वेळी ढकलायला पाहिजे. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय असं झालं, की हवा बिचारी जागच्या जागी. जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या आणि एकीनं उलटा हात फिरवला तर पीठ पडेल का? तसं. ढोलकाचा घुमारा जातो, नुसता चिरका, पोकळ आवाज राहतो. आणि गाणारा माणूस समोर बसून गायच्या ऐवजी गाडीभर कुठंच नसल्यासारखा वाटतो.

हे आज मी मास्तरासारखं सांगतोय. तेव्हा मला यातलं अर्धंही माहीत नव्हतं. लाल ठिपक्याला लाल वायर, संपला विषय.

देवळाली कॅम्पातले एक मेजरसाहेब आले होते. त्यांच्या भावानं परदेशातून टेप पाठवलेला. मी दोन स्पीकर मागच्या फळीवर बसवले. साहेबांनी स्वतःची कॅसेट टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उस्ताद, घर में तो ऐसा नहीं बजता था."

मी वायरी तपासल्या, फ्यूज काढला, घातला, टेप काढून परत बसवला. काही नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यात खोट ऐकूच येत नव्हती. तेवढ्यात विमल चहा घेऊन आली. साहेबांच्या हातात कप दिला आणि गाडीपाशी उभी राहिली. मग मला हळूच म्हणाली, "अहो, हे दोघं रुसलेत का?"

"कोण?"

"ते दोन डबे. एकमेकांकडं पाठ करून बसल्यासारखे वाजतात."

मी तिला डोळ्यांनीच दटावलं. पण ती जागची हलेना. "डावा रुसलाय," म्हणाली. मला राग आला. तिला खोटं पाडावं म्हणून मी डाव्या स्पीकरच्या वायरी काढल्या आणि उलट्या जोडल्या, लाल ठिपक्याला काळी. आणि ढोलक आला! सीटच्या पाठीतून छातीवर थाप पडावी तसा आला. एवढं मलाही कळलं. पुढं समजलं, तो स्पीकर दुरुस्त करून आणलेला होता. कागद बदलताना कारागिरानं आतली कॉइल उलटी बसवली होती. ठिपका खोटं बोलत होता.

मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "क्या कान पाया है, उस्ताद!"

मी हसलो. नुसता हसलो. विमलनं कप गोळा केले आणि ती आत गेली.

तिथून माझं नाव कानवाले पडलं. कॅम्पातून गाड्या यायला लागल्या. आणि आमच्या दुकानात एक रीत पडली. काम झालं की मी हाक मारायचो, "अगं, जरा बस." ती हात पदराला पुसत यायची आणि मागच्या सीटवर मधोमध बसायची, डोळे मिटून, देवळात बसावं तशी. मी टेप लावायचो. ती म्हणायची, "बसला समोर," म्हणजे गाणारा बरोबर मध्ये आला, काम पास. नाहीतर, "उजवा रुसलाय." गिऱ्हाईक विचारायचं, वहिनी कशाला बसतात? मी सांगायचो, "सीट आरामशीर राहिली का ते बघते."

तो शब्द मात्र सगळ्या ओळीनं उचलला. पलीकडचा बॅटरीवाला, कोपऱ्यावरचा वायरमन, सगळे म्हणायला लागले, "याचा मागचा रुसलाय, काढून उलटा कर." अजूनही नाशकातले जुने कारागीर असंच म्हणतात. कुठून आला ते कुणाला माहीत नाही. विचारलं असतं तर मी माझाच सांगितला असता.

तिला हा कान कुठून मिळाला? ती येवल्याची. वडील हातमागावर पैठणी विणायचे. घरात दोन माग, एक वडिलांचा, एक चुलत्याचा. ही लहानपणी आत भाकरी थापता थापता सांगायची, काकांचा धागा तुटला. आडवा धागा नेणारा धोटा कसा पळतोय त्या आवाजावरून तिला कळायचं. मी एकदा विचारलं, "इतक्या खडखडाटात तुला कसं गं कळायचं?" ती म्हणाली, "दोन माग बरोबरीनं चालले की मधी एक तिसराच आवाज असतो. तो गेला की कळतं."

मी आयुष्यभर दोन दोन स्पीकर जोडले. दोघांच्या मधला तिसरा आवाज असं कुणी मला इतकं नेमकं सांगितलं नाही. पण तेव्हा मी म्हणालो, "बरं, चहा टाक."

आता ती गोष्ट, जिच्यासाठी पेन हातात धरलंय.

देवळ्याचे एक कांद्याचे व्यापारी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. माणूस दिलदार, बोली अहिराणी, आवाज भोंग्यासारखा. नवी जीप घेऊन आले. मुलीचं लग्न आठ दिवसांवर, वऱ्हाडाच्या पुढं जीप गात गेली पाहिजे. दोन नाही, चार स्पीकर. विमल जीपकडं बघून सहज म्हणाली, "चार आहेत, तर आधी दोन लावून ऐकू या, मग दोन लावा." बोलली ते शहाणपणाचं होतं. पण ओळीतले तिघं-चौघं कारागीर चहाला जमले होते. त्यातला एक हसला, "काय उस्ताद, वहिनींनी शाळा घेतली वाटतं."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू चूल बघ. बायकांना यातलं काय कळतं?"

ती आत चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून ठेवला, पिशवी घेतली आणि येवल्याची एसटी पकडली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, येईल.

चारही स्पीकर मी एकदम बसवले. अण्णांनी टेप लावला. आवाज मोठा, पण पोकळ, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. अण्णा माझ्याकडं बघायला लागले. "उस्ताद, आवाज कथा गया?"

कुठं गेला ते मला कळलं असतं तर! चार स्पीकर, त्यातला एक उलटा का दोन? कोणते दोन? एक बदलावा तर वाटायचं सुधारला, दुसरा बदलावा तर वाटायचं पहिलाच बरा होता. तीन दिवस मी तेच करत होतो. कान थकतो. डोळ्यावर झापड येते तशी कानावर येते, मग सगळंच सारखं वाटतं. ओळीतले कारागीर येऊन ऐकून जायचे, प्रत्येक जण वेगळा स्पीकर सांगायचा. बॅटरीवाला म्हणाला, "उस्ताद, तुमचा कान कुठं गेलाय?" त्याला काही माहीत नव्हतं. पण मला ते टाचणीसारखं लागलं. लग्न चार दिवसांवर आलं. अण्णा नुसते येरझाऱ्या घालत होते.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, "अण्णा, जीप येवल्याला न्यावी लागेल."

"येवल्याले? आठे नाशकात नाही होत ते येवल्याले काय शे?"

"चला तर खरं."

निफाड, विंचूर करत दुपारी पोचलो. सासऱ्यांच्या दारात जीप उभी केली. आत मागाची खटखट चालू होती. अण्णांनी दारातून आत डोकावून बघितलं, माग दिसला, मग माझ्याकडं वळले. "आठे तुमनं दुकान शे का? का लुगडं घ्याले आणलं मले?"

विमल बाहेर आली. जीप बघितली, मला बघितलं. मी "घरी चल" म्हणालो नाही, "चुकलं" म्हणालो नाही. मी म्हणालो, "अगं, जरा बस."

ती पायरी उतरली. मग चपला काढून जीपमध्ये चढली, मागच्या सीटवर मधोमध बसली आणि डोळे मिटले. मी टेप लावला. आतला माग थांबला, सासरेही दारात आले. गल्लीतली पोरं, बायका जमल्या. एवढ्या लोकांत ती एकटी असल्यासारखी बसली होती. अर्ध्या गाण्यात तिनं हात वर केला.

"मागचा उजवा रुसलाय. पुढचा डावा पण. बाकीचे दोघं बिचारे नीट आहेत."

मी दोन्ही उलटे केले. टेप लावला आणि येवल्याच्या त्या बोळात ढोलक असा घुमला की समोरच्या घराची भांडी वाजली. अण्णांनी डोक्याची टोपी काढून परत घातली. "वहिनी, कान ते तुमना शे!"

सगळे माझ्याकडं बघत होते. सासरे, अण्णा, गल्ली. आणि ती. एकच शब्द बोलायचा होता. "हो." एवढाच. त्याला शिक्षण लागत नाही.

मी म्हणालो, "माझ्या हाताखाली तयार झालीय ना."

सासरे आत गेले आणि माग परत सुरू झाला. विमल खाली उतरली नाही. पिशवी आणायला धाकट्या बहिणीला सांगितलं आणि त्याच जीपमधून, त्याच सीटवर बसून नाशिकला आली. वाटेत अण्णा गाण्याबरोबर गात होते. ती मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत होती. मला वाटलं, आली म्हणजे मिटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं मला टॉर्चच्या सेलची युक्ती दाखवली. स्पीकरच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवायचा. कागद बाहेर उचलला गेला तर सेलची प्लस बाजू जिथं टेकली ते टोक प्लस. आत गेला तर उलटं. ठिपका काय म्हणतो ते बघायचंच नाही. कान लागत नाही, डोळे पुरतात. मी इतका खूश झालो की पळत घरात गेलो आणि विमलला सेल दाखवला. म्हणालो, "हे बघ. आता तुला गाडीत बसायची गरज नाही."

ती पीठ मळत होती. "बरं झालं," म्हणाली. "तेवढाच माझा वेळ वाचेल."

त्या दिवसापासून ती कुठल्या गाडीत बसली नाही. मी हाकही मारली नाही. दीड व्होल्टच्या सेलनं मी बायकोला गाडीतून उतरवलं, आणि मला वाटलं मी धंद्यात पुढं गेलो. धंदा चाललाही चांगला. चुका होत नव्हत्या. पण मेजरसाहेब बदली होऊन जायच्या आधी शेवटचं काम करून घ्यायला आले, तेव्हा ऐकून म्हणाले, "ठीक है उस्ताद. सही है. पहले वाली बात नहीं है, लेकिन सही है." स्पीकर कुठं बसवला, कुठल्या कोनात, त्यानंही गाणारा सरकतो, हे सेल सांगत नाही. ते ती सांगायची. "दोन बोटं आत घ्या," म्हणायची. मेजरसाहेबांना काय कमी वाटतंय ते मला माहीत होतं. ती खोलीच्या दारात उभी होती, तिलाही माहीत होतं. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

ऐंशीनंतर कधीतरी आम्ही या कॉलनीत घर घेतलं. तेव्हा गाडीतून काढलेले दोन जुने स्पीकर लाकडी खोक्यांत बसवून मी तिच्या स्वयंपाकघरात लावले, ओट्याच्या दोन्ही बाजूंना, वर. घरचं काम, गडबडीत केलं. तिनं खालून विचारलं, "सेल लावून बघितला का?"

मी वरून म्हणालो, "हो."

नव्हता लावला. लाल ठिपक्याला लाल वायर.

मग टेप लावून मी विचारलं, "कसा येतोय आवाज?" ती ओट्यापाशी, बरोबर दोन खोक्यांच्या मध्ये उभी होती. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे की." पुढं टेप गेला, रेडिओ आला, तोही बदलला. स्पीकर तेच. रोज सकाळी भजनं, दुपारी बातम्या, पोळ्या लाटता लाटता ती ऐकायची.

यंदा दिवाळीची साफसफाई मी एकट्यानं काढली. खोकी खाली उतरवली. धूळ पुसताना जुनी सवय म्हणून टॉर्चमधला सेल काढला आणि त्याची प्लस बाजू लाल ठिपक्याच्या टोकाला टेकवली. उजव्याचा कागद बाहेर आला. डाव्याचा आत गेला.

मी सेलची बाजू तपासून परत लावला. ठिपका पुसून बघितला. परत लावला. आतच.

म्हणजे इतकी वर्षं डावा रुसलेला होता. जिला गर्दीतून, चार स्पीकरच्या जीपमधून, मागाच्या खडखडाटातून कळायचं, तिला स्वतःच्या ओट्यावर कळलं नसेल? पहिल्या दिवशीच कळलं असणार. सेल लावला नाही हेही कळलं असणार. मला एकदा हाक मारायची, म्हणायचं, "अहो, डावा रुसलाय." पाच मिनिटांचं काम. पण ती कशाला म्हणेल? मीच तर सांगितलं होतं, आता गरज नाही. ती वाट बघत असेल की हा माणूस एक दिवस येऊन म्हणेल, "अगं, जरा बस."

मी डाव्याच्या वायरी काढल्या आणि उलट्या जोडल्या. डाग देताना सोल्डर दोनदा सांडलं. खोकी वर लावली. रेडिओ लावला आणि ती उभी राहायची तिथं, ओट्यापाशी, मधोमध जाऊन उभा राहिलो.

माझा डावा कान सात-आठ वर्षांपूर्वीच पूर्ण गेला. उजव्यात मशीन आहे. एका कानानं गाणारा समोर बसलाय का ते कळत नाही, त्याला दोन लागतात. सेल म्हणतो बरोबर आहे. बरोबर असेल.

कॉलनीत अजून लोक मला कानवाले म्हणतात. म्हणू नका. आणि तुमच्या घरात जर कुणी रोज दोन स्पीकरच्या मध्ये उभं राहून पोळ्या लाटत असेल, तर आज विचारा, आवाज कसा येतोय. "छान आहे की" म्हणाली तर निघून जाऊ नका. तिथंच उभे राहा.